आधी एका फेरीचा वेळ ठरव

अनेक आशीर्वाद.

कंट्रोल लाइनच्या, म्हणजे हँडलला जोडलेल्या तारांनी धरून आपल्याभोवती गोल उडवायच्या विमानाला मोटर कोणती घेऊ, असं तू विचारलंयस. मोटरकडे नंतर येऊ. आधी सांग, विमान एक फेरी किती सेकंदांत मारणार? दीड-पावणेदोन किलोच्या स्टंट विमानाला मी सव्वापाच सेकंद धरतो. हँडल धरलेल्या माणसापासून विमानापर्यंत 19 मीटर अंतर असेल, तर फेरी साधारण 119 मीटरची होते. वेग झाला सेकंदाला जवळपास 23 मीटर.

आता प्रोपेलर. 12 इंच व्यास, 6 इंच पिच; पिच म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर किती पुढे सरकतो. मिनिटाला 10,000 फेरे फिरला, तर कागदावर तो सेकंदाला 25 मीटर पुढे जातो. हवेत त्याहून थोडं कमी पडतं, म्हणजे आपला आकडा जमला.

मोटर इथून पुढे. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला बिनओझ्याचे किती फेरे. चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरलेली असताना 16.8 व्होल्ट दाखवते, पण त्या आकड्यावर कधी मोटर निवडू नकोस. उड्डाण संपत आलं की ओझ्याखाली सेल 3.5 व्होल्टपर्यंत उतरतो, म्हणजे हातात उरतात 14. मी सुरुवातीला 760 केव्हीची मोटर घेतली होती. पहिली चार मिनिटं विमान सुरेख उडालं. पाचव्या मिनिटाला डोक्यावरचा आठचा आकडा काढताना ते वर जाऊन मंदावलं आणि हँडलमधला ताण एकदम गेला. तारा सैल पडल्या की एलिव्हेटर, म्हणजे विमानाला वर-खाली वळवणारी शेपटीची फळी, आपल्या हातात राहत नाही. मी मागे धावत सुटलो, तारा पुन्हा ताणल्या, विमान वाचलं. नंतर हिशोब केला: 760 गुणिले 14, म्हणजे जेमतेम 10,600. प्रोपेलरचं ओझं आलं की 10,000 कुठून मिळणार? तुझ्यासाठी 950 च्या आसपासची घे. त्याहून फार वरची नको, उगाच जास्त करंट ओढते.

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरला गव्हर्नर मोड हवाच. विमान चढताना प्रोपेलरवर ओझं येतं, तेव्हा तो स्वतःहून जोर वाढवून फेरे तेवढेच ठेवतो. पुष्कळ साध्या कंट्रोलरमध्ये हा मोड नसतो, हेलिकॉप्टरसाठीच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये असतो. मोटर 30 अँपिअर घेत असेल तर कंट्रोलर 50-60 चा घे. हे सगळं थंड राहावं म्हणून विमानाच्या नाकात हवा आत येण्यापेक्षा बाहेर जायची वाट मोठी ठेव. टायमर कुठलाही चालेल, फक्त साडेपाच मिनिटांवर मोटर बंद करणारा हवा.

बॅटरीचा आकार अंदाजाने ठरवू नकोस. उड्डाणानंतर चार्जरने किती परत भरलं ते बघ. 2,400 मिलिअँपिअर-तास भरले, तर 3,000 ची बॅटरी हवी; पाचवा हिस्सा आत राहिलाच पाहिजे. उतरल्या उतरल्या ती तळहातावर घे. कोमट लागली तर ठीक. धरवत नसेल किंवा फुगलेली वाटली, तर ती पुन्हा उडवायची नाही. बॅटरीची जागा पुढेमागे सरकवता येईल अशी ठेव. इंजिनाच्या विमानात इंधन संपत जातं तसा तोल बदलतो, इथे तो शेवटपर्यंत तसाच राहतो. हे सुख मला फार मोलाचं वाटतं.

आणि टेबलावर कंट्रोलरची सेटिंग करताना प्रोपेलर काढूनच ठेव. एकदाही सवलत घेऊ नकोस. मोटर पूर्वसूचना देऊन सुरू होत नाही.

पहिल्या तीन उड्डाणांत प्रत्येक वेळी किती भरलं आणि फेरी किती सेकंदांची झाली, एवढं वहीत लिही आणि मला कळव. मग पिच बदलायचा का ते बघू.