चार महिन्यांच्या बाळाच्या हृदयाला मोठं छिद्र आहे. वजन वाढेपर्यंत ऑपरेशन थांबवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळाचं वजन साडेचार किलो आहे, व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र) मोठा आहे, डॉक्टर महिन्याभरात ऑपरेशन करा म्हणतात आणि घरचे म्हणतात, अंगावर जरा बाळसं धरू दे, मग बघू. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी अगदी हेच बोलणं झालं होतं. आम्ही दोन महिने थांबलो. थांबायला नको होतं.

आमची मुलगी प्यायला लागली की पाच मिनिटांत कपाळावर घाम, श्वास भराभर, आणि अर्ध्यावरच दमून झोपायची. बायकोला वाटायचं, आपलंच दूध कमी पडतंय. त्या समजुतीपायी ती किती रडली असेल! खरं कारण वेगळं होतं. डाव्या कप्प्यातलं रक्त छिद्रातून उजवीकडे जातं आणि तिथून परत फुप्फुसांत लोटलं जातं. हृदयाला दुप्पट राबावं लागतं, पोटात गेलेलं दूध त्या धापेतच खर्ची पडतं. त्यामुळे आधी वजन आणि मग ऑपरेशन, हा हिशेबच उलटा आहे.

लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. नातेवाईक सांगतात ते खोटं नसतं, पण ते छिद्र वेगळं. मोठ्या छिद्रात फुप्फुसांतला दाब वाढत जातो, तिथल्या रक्तवाहिन्या जाड होतात, आणि फार उशीर झाला तर छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये 'पल्मनरी हायपरटेन्शन', म्हणजे फुप्फुसांतला हा वाढलेला दाब, लिहिलंय का आणि किती, हे डॉक्टरांना आधी विचारा.

ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उघडतात, रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर (तेवढ्या वेळापुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) घेतात, हृदय थांबवून छिद्रावर पॅच शिवतात. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी असं छिद्र बंद केलं, तेव्हा एवढ्या लहान मुलांसाठी भरवशाचं मशीन नव्हतं. शेजारच्या टेबलावर निजलेल्या वडिलांना बाळाच्या नळ्या जोडल्या होत्या, त्यांच्याच हृदय-फुप्फुसांवर बाळ जगत होतं. अहमदाबादला थिएटरच्या दाराबाहेर बसलो असताना मला त्या बापाचा हेवा वाटला.

पैशाची काळजी असेल तर आर.बी.एस.के. (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) या सरकारी योजनेची चौकशी आजच करा. २०१३ पासून ती देशभर आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू आहे. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलच्या बालरोग विभागात विचारा, शिफारसपत्र कुठून घ्यायचं ते तिथे सांगतील. अहमदाबादच्या यू. एन. मेहता हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये लहान मुलांची अशी ऑपरेशनं होतात.

तोपर्यंत दूध थोडं थोडं पण वारंवार पाजा. प्यायला दमत असेल तर नाकातल्या नळीने दूध देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. त्यात तुमचा काहीही कमीपणा नाही. सर्दी-खोकला झालेल्या माणसाला, मग तो कितीही जवळचा असो, बाळाजवळ येऊ देऊ नका, कारण छातीत संसर्ग झाला की ऑपरेशनची तारीख पुढे जाते.

आणि घरी आणल्यावर सुमारे सहा आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली. हे आजीला आधीच करून दाखवा, सवयीने काखेत हात जातोच.