सांबऱ्यापर्यंत पोचवायला

प्रिय चिऊ,

परवा तू मोबाईलवर काढून दाखवलंस: लंडन ते मुंबई सुमारे 7,200 किलोमीटर, नऊ तास. मुंबई ते बेळगाव सरळ रेषेत जेमतेम 400, सव्वा तास. आणि मग विचारलंस, "बाबा, एवढ्याशा विमानासाठी सांबऱ्याच्या विमानतळावर पोचवायला दोन गाड्या भरून माणसं कशाला येतात? आत तर सोडतच नाहीत. उगाच सगळ्यांचा वेळ फुकट." लागलं मला ते.

हिशेब तुझा बरोबर आहे. विमान वाऱ्याप्रमाणे थोडे वळसे घेतं, आणि लंडनला परतताना पश्चिमेचा वारा तोंडावर असतो म्हणून तासभर जास्त लागतो, एवढंच.

आमच्या लहानपणी बेळगावहून मिरजेपर्यंत मीटरगेज होती. तिथं उतरून, सामान उचलून मुंबईची गाडी धरायची. रूळ रुंद झाले ते नव्वदच्या दशकात. थोरले काका मुंबईला निघाले की शहापूरची आत्या, अनगोळचे मामा, झाडून सगळे स्टेशनवर. आज्जीनं प्लॅटफॉर्म तिकीट कनवटीला खोचलेलं, हातात दशम्यांचं फडकं, त्यातून शेंगाचटणीचं तेल पाझरलेलं. गाडी हलली की खिडकीबरोबर चालत ती एकच सांगायची, "मिरजेला पाणी भरून घे रे." आम्हा पोरांचं लक्ष मात्र वजनाच्या मशीनकडे, तिकिटावर भविष्य छापून यायचं ना!

एसटीची तऱ्हा वेगळी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर काही पेटलं की कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे गाड्या अडकायच्या. अजूनही तसंच होतं. बस सुटेपर्यंत कुणी घरी परतायचं नाही, कारण ती सुटेलच याचा भरवसा नसायचा. पोचवायला जायची रीत त्यातूनच पडली असावी. अर्थात हे मी आता जुळवतोय. गाड्या वेळेवर सुटायच्या तेव्हाही सगळे जायचेच.

सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांनी 1942 साली युद्धासाठी बांधली. आम्ही सायकली दामटत कुंपणापाशी विमानं बघायला जायचो. त्यात आपल्यातलं कुणी बसेल असं डोक्यातही नव्हतं. आता आत सोडत नाहीत हे आज्जीला पक्कं ठाऊक आहे, घरातून निघताना हातावर दहीसाखर ठेवून झालेली असते, तरी गाडीत पहिली तीच बसते. काका अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. त्याचा मलाही संकोच वाटतो, खोटं कशाला सांगू? पण एकदा धो-धो पावसामुळं कुणीच आलं नव्हतं, तर बॅगा आत देताना मी उगीचच मागं वळून बघत होतो.

तुला हे आवडायलाच हवं असं काही नाही. या खेपेला टॅक्सीनं जाऊ म्हणालीस तर जाऊ. काकाला मी सांगतो. आज्जीला मात्र तूच सांग, माझ्याच्यानं ते व्हायचं नाही.

तुझा,
बाबा