बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं की गिऱ्हाइकाचा हक्क संपतो का?

संपत नाही. दुकानदार ठासून सांगतो आणि आपण गप्प बसतो, एवढंच.

माझंच सांगते. चवथीला आठ दिवस असताना म्हापशाच्या एका दुकानातून मिक्सर घेतला. घेण्याआधी स्पष्ट विचारलं होतं, "रोजचं नारळाचं वाटण आणि पातोळ्यांचे भिजवलेले तांदूळ, झेपेल ना?" "डोळे मिटून न्या," म्हणाला. तिसऱ्याच दिवशी भांड्याच्या बुडातून तांदळाचं दुधाळ पाणी मोटरीत उतरलं, रबर जळल्याचा वास घरभर. घेऊन गेले तर त्याने बिल उलटं करून मागच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. चवथीच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, दीर म्हणाले, "वहिनी, बिल घेतलंत म्हणजे मान्य केलंत. आता कशाला तमाशा?" तो सण मी शेजारणीच्या रगड्यावर वाटून काढला.

मान्य कुठे केलं? सौदा ठरला, पैसे दिले, मग बिल हातात आलं. मागाहून दाखवलेली अट सौद्यात धरत नाहीत. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 16 आहे: कशासाठी हवंय ते सांगून, विक्रेत्याच्या भरवशावर घेतलेली वस्तू त्या कामाची असलीच पाहिजे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हे दोन्ही लिहून मी स्वतः पोस्टाने नोटीस पाठवली. अकराव्या दिवशी पैसे परत मिळाले. नसते मिळाले तर जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि तक्रार करायला मुदत 2 वर्षांची असते.

हां, चांगल्या वस्तूचा रंग आवडला नाही म्हणून परत करायची असेल तर यातलं काही लागू नाही. धंद्यासाठी घेतली असेल तरी आयोगात जाता येत नाही, स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर गोष्ट वेगळी. आणि मालविक्री कायद्याच्याच कलम 62 प्रमाणे दोघांनी आधीच तसं ठरवलं असेल तर कलम 16 ची ही हमी काढून टाकता येते, म्हणून सही करण्याआधी वाचा.

दिरांना अजून वाटतं की दुकानदाराने माणुसकी दाखवली. माणुसकी असती तर ती पहिल्याच दिवशी दिसली असती. नोटिशीची पोचपावती माझ्या कपाटात आहे, त्यांनी कधीही येऊन बघावी.