‘निर्वंश’ लिहिण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे मूळ गाव मालवण तालुक्यात असून आम्ही गेली चाळीस वर्षे डोंबिवलीत राहतो. सातबारावर अजूनही पणजोबांचेच नाव आहे. ते 1940 साली वारले. त्यांना तीन मुलगे व एक मुलगी. थोरले म्हणजे माझे आजोबा. मधले मुंबईला गिरणीत लागले आणि 1948 नंतर त्यांचे पत्र आले नाही. धाकट्यांचे कुटुंब गावी आहे. वारस नोंदीसाठी गावच्या चुलत काकांनी वंशावळ तयार केली असून तिच्यात मधल्या आजोबांपुढे ‘निर्वंश’ लिहिले आहे आणि आतेआजीचे नावच नाही. घरच्या पेटीत 1936 सालच्या, पणजोबा व त्यांचे भाऊ यांच्यातील वाटपाच्या दाव्याची मोडीतील काही पाने सापडली. त्यांत एक वंशवृक्षही आहे. त्याचा उपयोग होईल का, आणि बाकीचे कागद कुठे मिळतील?

उत्तर : सर्वप्रथम, त्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर आपण इतक्यात सही करू नये. ज्या माणसाची खबर त्याच्या जवळच्या माणसांना सात वर्षे मिळालेली नाही, तो मयत झाला असे कायदा गृहीत धरतो. पण तो कोणत्या साली वारला हे कायदा गृहीत धरत नाही, आणि तो बायकामुलांशिवाय वारला हे तर मुळीच नाही. ‘पत्र आले नाही’ आणि ‘निर्वंश’ यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत ते अंतर तलाठ्याच्या टेबलावर एका शब्दात पुसले गेलेले मी पाहिले आहे.

आपल्याजवळच्या पानांवर दाव्याचा क्रमांक व साल शोधावे. ‘रे. मु. नं.’ (रेग्युलर मुकदमा नंबर) अशा अक्षरांपुढे तो बहुधा असतो. क्रमांक सापडला नाही तर पक्षकारांची नावे, गाव आणि साल देऊन दाव्यांच्या रजिस्टरातून शोध घेण्याची विनंती अर्जात करावी आणि सही-शिक्क्याच्या नकला मागाव्यात. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्यापूर्वी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि तिथल्या निकालांवरची अपिले रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात चालत, म्हणून चौकशी मालवण, ओरोस (सिंधुदुर्गचे जिल्ह्याचे ठिकाण) आणि रत्नागिरी अशी तिन्ही ठिकाणी करावी. (कुडाळ किंवा सावंतवाडीकडच्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की 1948 पर्यंत तो मुलूख संस्थानचा होता आणि तिथली न्यायालये वेगळी होती.) निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालावरून काढलेला न्यायालयाचा हुकूम) जास्त काळ जपला जातो, इतर कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. त्यामुळे पूर्ण फाइल मिळेलच असे नाही.

फाइल मिळाली तर बहुतेक लोक थेट निकालाचे शेवटचे पान उघडतात. वारस शोधणाऱ्याने मात्र आधी रोजनामा, म्हणजे दाव्यात तारखेगणिक काय घडले याची न्यायालयाने ठेवलेली नोंद, वाचावा. दावा चालू असताना पक्षकार वारला की त्याचे वारस दाव्यात आणावे लागतात. मग रोजनाम्यात ‘प्रतिवादी नं. 2 मयत’ अशी ओळ येते आणि पुढे 2अ, 2ब, 2क अशी नावे लागतात. विधवा, अज्ञान (वयात न आलेले) मुलगे, त्यांची पालनकर्ती आई, क्वचित लग्न झालेली मुलगी, अशी सगळी माणसे त्या अक्षरांमागे उभी असतात. एखादा वारस गाळला तर दावा त्या अंगाने लंगडा पडण्याची भीती असल्याने विरुद्ध पक्षाचा वकीलही ही यादी डोळ्यांत तेल घालून तपासत असे. घरी बसून केलेल्या वंशावळीला अशी तपासणी कधीच होत नाही.

त्यानंतर बेलिफाचे, म्हणजे समन्स बजावणाऱ्या न्यायालयाच्या शिपायाचे, अहवाल पाहावेत. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या दाव्यात घरच्यांच्या मते अविवाहित गेलेल्या माणसाच्या समन्साच्या पाठीवर बेलिफाने पेन्सिलीने लिहिले होते : ‘इसम मुंबईस. बायको घरी हजर, समन्स घेत नाही, पंचांसमक्ष दारास डकविले.’ खाली दोन पंचांपैकी एकाची सही आणि दुसऱ्याचा अंगठा होता. त्या दीड ओळीने एक बाई त्या घराण्यात परत आली, आणि तिच्या माहेरच्या गावी चौकशी केल्यावर तिची मुलगीही.

आता वंशवृक्षाविषयी. तो दाव्यात कोणी दिला, आणि विरुद्ध बाजूने आपल्या कैफियतीत (लेखी उत्तरात) तो कबूल केला की नाकारला, हे पाहिल्याशिवाय त्याचे वजन ठरत नाही. नात्याविषयी मयत माणसाने केलेले विधान पुराव्यात घेता येते, पण ते त्या नात्याबद्दलचा वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असावे लागते. 1936 चा वाद जमिनीच्या हिश्शाचा होता. आपल्या मधल्या आजोबांच्या संततीचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता, त्यामुळे त्यांच्याबद्दल त्यात जे लिहिले असेल ते निर्मळ मनाने लिहिलेले मानायला जागा आहे. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर न्यायालय त्यावरील सही-अक्षर खरे मानू शकते, म्हणून पेटी कोणाच्या घरी होती हेही लिहून ठेवावे. मोडीचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे. ‘बिन’ म्हणजे मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे बायको, एवढे ठाऊक असले तरी अर्धी नाती जुळतात. आडनाव मात्र पुष्कळदा लिहिलेलेच नसते.

आतेआजींचे नाव वंशावळीत हवेच, मग त्यांना हिस्सा मिळो वा न मिळो. वंशावळ नाते सांगते, हिस्सा कायदा ठरवतो, आणि तो कायदा ज्याच्या मिळकतीचा प्रश्न आहे त्याच्या मृत्यूच्या तारखेवर अवलंबून असतो. पणजोबा 1940 साली तीन मुलगे मागे ठेवून वारले, त्या वेळच्या कायद्याने मुलीला वडिलांचा वारसा मिळत नव्हता. पण मधल्या आजोबांचे काय? हुकूमनाम्यात पणजोबांच्या शाखेला एकच समाईक हिस्सा दिला, की मुलांचे हिस्से वेगळे काढले, हे बारकाईने पाहावे. त्यांचा हिस्सा वेगळा झालेला असेल, ते 17 जून 1956 नंतर वारले असतील आणि त्यांच्यामागे आई, पत्नी किंवा मुले नसतील, तर हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या त्या वेळी हयात असलेल्या भावांबरोबर बहीणही सारखीच वारस ठरते. ज्या ‘निर्वंश’ शब्दाने काकांनी एक शाखा बंद केली, त्याच शब्दाने आतेआजींचा हक्क उघडा होऊ शकतो, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. हिस्सा समाईकच राहिला असेल तर उत्तर बदलेल, त्यासाठी हुकूमनाम्याची नकल घेऊन वकिलांना भेटावे.

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, तहसील कचेरीत पाहाव्यात. मधल्या आजोबांसाठी मुंबई महापालिकेची मृत्यूनोंद शोधावी.

प्रश्न : वडिलांच्या मागे फेरफाराने आमची वारस नोंद झाली आहे, तरी बँक त्यांच्या ठेवीसाठी न्यायालयाचा दाखला मागते. हे योग्य आहे का? (राजापूर)

उत्तर : योग्य आहे. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी किंवा वारसा अंतिमपणे ठरत नाही. ठेव, रोखे, येणे रक्कम यांसाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. बँकेत नामनिर्देशन असेल तर पैसे त्या व्यक्तीच्या हाती येतात, पण ती इतर वारसांच्या वतीने ते सांभाळते. घर-जमिनीसाठी वारस म्हणून मान्यता हवी असेल तर मुंबई इलाख्याच्या 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखाली न्यायालयातून वारसा दाखला घेता येतो. दोन्ही अर्जांत सर्व वारसांची नावे द्यावी लागतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे सासरचे नाव, पत्ता आणि माहेरचे नाव ही तिन्ही लिहावीत, म्हणजे नोटीस परत येऊन अर्ज वर्षभर रखडत नाही.