औषध आणि कीटकनाशक एकत्र दिलं तर उंदरांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो?

एकेकटं देऊन जे फारसं दिसत नाही ते एकत्र दिल्यावर दिसू शकतं, काळजी त्याचीच आहे. 1991 च्या आखाती युद्धात सैनिकांना नर्व्ह गॅसपासून बचाव म्हणून पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यात परत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आणि डीट हे डास-कीटक दूर ठेवणारं रसायनही वापरात होतं, म्हणून लॅबमध्ये उंदरांना तेच मिश्रण देऊन बघितलं. वॉटर मेझ या पाण्याच्या टाकीतल्या चाचणीत गढूळ पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म शोधायचा असतो, नॉर्मल उंदीर काही दिवसांत जागा लक्षात ठेवून सरळ तिकडे पोहतो, हे उंदीर मात्र जास्त वेळ इकडेतिकडे शोधत बसतात, जोडीला स्ट्रेस दिलेल्या प्रयोगांत तर हे ठळक दिसलंय. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी संबंधित भागात, नवीन पेशीही कमी बनतात. एक कारण असं मानतात की विष मोडणारी एन्झाइम्स गोळीमुळेच अडून बसतात आणि कीटकनाशक मेंदूपर्यंत जास्त पोचतं. पण डोस किती आणि किती दिवस दिला यावर बरंच ठरतं.