दगडफूल, शैवाक आणि बुरशीचं नाव

जळगावच्या एका वाचकाने विचारलं आहे: काळ्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजेच शैवाक का? आणि पुडीवर कुठे ‘पार्मेलिया पर्लाटा’, तर कुठे ‘पार्मोट्रेमा पर्लाटम’ असतं. त्यातलं बरोबर कोणतं?

दगडफूल हे शैवाकच, पण प्रत्येक शैवाक दगडफूल नव्हे. शैवाक, म्हणजे इंग्रजीतलं लायकेन, हा सबंध गटाचा शास्त्रीय शब्द. दगडफूल हा बाजारातला शब्द: वरून राखाडी, खालून काळे, कडांना मुरडलेले पापुद्रे, ज्यांचा खरा वास गरम तेलात पडल्यावरच सुटतो. या मालात अनेकदा एकाहून जास्त जाती मिसळलेल्या असतात आणि नाव दगडाचं असलं तरी बराचसा माल झाडांच्या सालीवरून काढलेला असतो. संस्कृतातल्या ‘शैलेय’ या नावातही दगडच आहे.

पुडीवरची दोन्ही नावं एकाच जातीची. विल्यम हडसन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६२ साली तिला ‘लायकेन पर्लाटस’ म्हटलं, कारण तेव्हा बहुतेक सगळी शैवाकं लायकेन या एकाच प्रजातीत घालत. पुढे अकारियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ती पार्मेलिया या प्रजातीत नेली आणि १९५२ साली श्वाझी या फ्रेंच शास्त्रज्ञाने पार्मोट्रेमात. आज पार्मोट्रेमा लिहावं.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. शैवाक हा एक जीव नाही. बुरशीच्या धाग्यांत शैवल राहतं. शैवल उन्हात अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते. हे श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली मांडलं, तेव्हा अनेक जाणकारांनी ते धुडकावलं होतं. नामकरणाच्या नियमानुसार शैवाकाचं शास्त्रीय नाव त्यातल्या बुरशीचं असतं. म्हणून पार्मोट्रेमा पर्लाटमचं वर्गीकरण बुरशींत होतं: विभाग ॲस्कोमायकोटा, वर्ग लेकॅनोरोमायसेटीज, गण लेकॅनोरेलीस, कुल पार्मेलिएसी. आतल्या शैवलाचं नाव निराळं, ट्रेबाउक्सिया. पाठ्यपुस्तकांत ‘शैवाक वनस्पती’ असं दिसलं की मला राहवत नाही. ते चूक आहे.

शैवाकाची शेवाळाशीही गल्लत नको. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर घसरवतं ते शेवाळ.

धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर किंवा सातपुड्यातल्या काळ्या खडकावर दगडाला घट्ट चिकटलेल्या करड्या, पिवळट खपल्या दिसतात, त्यांना शैवाक म्हणावं. त्यांना दगडफूल म्हटलं की कुणी मसाल्यासाठी खरवडायला जाईल. अशा खपल्यांपैकी कित्येक वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत.