काविळीचं मांजर आणि मानेतली नळी

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा बोका चांगला सहा किलोचा होता. घर बदललं आणि त्याने खाणं सोडलं. दहा दिवसांत वजन पाच किलोवर आलंय, कानाची आतली बाजू आणि डोळे पिवळे दिसतात. डॉक्टरांनी रक्त तपासून, सोनोग्राफी करून ‘फॅटी लिव्हर’ सांगितलं आणि मानेतून अन्ननलिकेत नळी घालू म्हणाले. घरच्यांचं म्हणणं, एवढ्या अशक्त जिवाला का छळायचं? सध्या आम्ही सिरिंजने दूध-भाताची पेज आणि उसाचा रस पाजतोय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नळी घालून घ्या, आणि उद्यावर ढकलू नका. मांजर उपाशी राहिलं की अंगावरची चरबी भराभर यकृताकडे धावते. ती बाहेर काढण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते, म्हणून पेशी चरबीने भरून फुगतात, पित्ताचा मार्ग तुंबतो आणि कावीळ दिसू लागते. जाड मांजरात हे काही दिवसांच्या उपासातही होतं. मळमळीमुळे ते आणखी खात नाही, आणि न खाल्ल्यामुळे यकृत आणखी बिघडतं. हे चक्र तोडणारं खरं औषध एकच : पुरेसं अन्न. बाकी सगळी औषधं त्याच्या मदतीला.

उसाचा रस आणि पेज आजच थांबवा. माणसाच्या काविळीचं पथ्य मांजराला लावण्यात मोठा धोका आहे. मांजर पूर्णपणे मांसाहारी. प्रथिनं पचताना तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचा निचरा करण्यासाठी त्याला आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते मांसातून मिळतं. नुसत्या साखरेने त्याची प्रथिनांची भूक भागत नाही आणि रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम मात्र खाली घसरतं. प्रथिनं कमी करायची ती फक्त मेंदूवर परिणाम झाला असेल तर, म्हणजे खूप लाळ, भोवंडल्यासारखं वागणं, भिंतीला डोकं टेकून उभं राहणं असं दिसलं तर. तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

सिरिंजने बळजबरी केली की दोन गोष्टी बिघडतात. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय मळमळत असताना तोंडात कोंबलेल्या अन्नाची मांजराला शिसारी बसते आणि बरं झाल्यावरही ते त्या वासाकडे फिरकत नाही. मानेतली नळी थोड्या वेळाच्या भुलीत बसते आणि बहुतेक मांजरांना तिचा फारसा त्रास होत नाही. काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आधी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. ते दिलंय ना, एवढं विचारा. खाणं सोडण्यामागे घरबदलाखेरीज स्वादुपिंडाची किंवा आतड्याची सूज नाही ना, याचीही खात्री करून घ्या.

प्रश्न : नळी बसल्यावर घरी किती आणि कसं भरवायचं?

उत्तर : पाच किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 230 किलोकॅलरी लागतात. आजारी मांजरांसाठीचं डब्यातलं मऊ खाणं थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढलं की 1 मिलीला सुमारे 1 किलोकॅलरी पडते. डब्यावरचा आकडा बघून हिशेब पक्का करा. मिश्रण चहाच्या गाळणीतून गाळाच, कारण एक बारीक गुठळीसुद्धा नळी बंद पाडते. उरलेलं फ्रीजमध्ये, 24 तासांच्या वर नाही.

पहिल्याच दिवशी पोट भरायचं नाही. पहिल्या दिवशी पाव हिस्सा, म्हणजे 60 मिली, तेही 10-10 मिली सहा वेळा. मग रोज थोडं वाढवत चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण 230 मिली, पाच वेळांत विभागून. घाई केली तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम एकदम पेशींत शिरतं आणि रक्तात तुटवडा पडतो. फॉस्फरस फार घसरलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत रक्त पुन्हा तपासतात. मान खाली लोंबायला लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लालसर-तपकिरी झाली तर वेळ न बघता दवाखाना गाठा. मान लोंबण्यामागे थायमिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) कमतरताही असू शकते, ती इंजेक्शनने भरून काढता येते.

भरवताना मांजराला पोटावर, डोकं वर राहील असं बसवा. आधी 5 मिली कोमट पाणी सोडा. ठसका लागला तर तिथेच थांबा. मिश्रणाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा, ना गार ना गरम असा हवा. मग सिरिंजने ते नळीत 15 मिनिटं घेत सावकाश ढकला. जीभ वारंवार ओठांवरून फिरणं, घोट गिळणं, लाळ सुटणं ही मळमळीची खूण. तेव्हा हात आवरा, अर्ध्या तासाने पुढचं द्या. रोजच असं होत असेल तर उलटीचं औषध वाढवायला हवं, अन्न कमी करून भागणार नाही. शेवटी 5 ते 10 मिली पाणी सोडून टोपण लावा. हे पाणी विसरलं की नळी तुंबते. तुंबलीच तर कोमट पाणी भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या हळूहळू मागे-पुढे करा, जोर लावू नका.

उलटी झाल्यावर नळीचं टोक तोंडातून बाहेर आलेलं दिसलं तर काहीही भरवू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. नळीभोवतीची पट्टी रोज सोडून बघा. सूज, पू, वास आला तर कळवा.

नळी बऱ्याचदा तीन ते सहा आठवडे ठेवावी लागते. ताटलीत खाणं ठेवत राहा, आग्रह करू नका. आठवडाभर आपणहून पोटभर खाल्लं आणि वजन टिकलं, की मगच काढतात.

प्रश्न : तापासारखं वाटलं तर पॅरासिटामॉल? आणि लिव्हरचं टॉनिक?

उत्तर : पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. टॉनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ते चालू आहे म्हणून अन्नाची एक वेळ चुकवणं तर मुळीच नको.

प्रश्न : घरातली दुसरी मांजरही जाड आहे. तिचं खाणं बंद करू का?

उत्तर : बंद अजिबात नको. वजन आठवड्याला 1 टक्क्याच्या आसपास उतरवा, म्हणजे सहा किलोच्या मांजराचं 60 ग्रॅम. नवं खाणं जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. नवं आवडलं नाही म्हणून तिने 24 तास तोंड लावलं नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ असं म्हणत थांबू नका. जुनं खाणं परत द्या आणि डॉक्टरांना फोन करा.